मायची हाक कुठवर जाते

काकू, तू माझ्या मायची थोरली जाऊ. आमचा टेम्पो अजिंठ्याच्या घाटाला लागला तेव्हा तू खाली फर्दापूरच्या फाट्यावर उभी होतीस. दुष्काळात मेंढरं विकून झाली होती, विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि माझ्या वडलांना, म्हणजे दादांना, शहरात एका गेटावर रखवालदारी मिळाली होती. माय गाठोड्यांवर मागं तोंड करून बसली होती. पहिल्या वळणावर तिनं हाक मारली, "अक्काऽऽ!" खालून तू म्हणालीस, "व्हयऽऽ!" पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. ड्रायव्हर हसायला लागला. त्याच्या पुढच्या वळणावर मायनं दोनदा हाक मारली आणि डोईवरचा पदर सारून कान देऊन बसली. काहीच आलं नाही.

"सरली हाक," माय म्हणाली. "हितून पुढं परका मुलूख."

मग घाट सरेपर्यंत ती रडत होती.

मी आता शाळेत पोरांना मिलिमीटर-सेंटिमीटर शिकवते, पण आपल्या वस्तीवरची मापं माझ्या कुठल्याच तक्त्यात नाहीत. सकाळ म्हणजे दिवस कासराभर वर आला, बैलाच्या दोरीएवढा. दादा वाट तंबाखूत मोजायचे. खालचं शिवार अर्धी चिमूट, आठवड्याचा बाजार दोन चिमटी. आणि मायचं माप हाक. मामाची वाडी तीन हाकांवर. वारं पाठीशी असलं की हाक लांब, तोंडावर आलं की निम्मी. यावरून दोघांची रोज जुंपायची.

"हाक काय मोजमाप हाय व्हय? तुझा गळा बसला की गाव लांब गेलं का?"

"आन् तुमची तंबाखू सरली की गाव जवळ येतंय का?"

आम्ही पोरं पोट धरून हसायचो. पण माय हे माप गमतीनं वापरत नव्हती. कळपात लांडगा शिरला, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कुणी अडलीनडली, की हाक मारायची आणि कुणीतरी धावत यायचं. जिथं हाक मारून कुणी येत नाही, तिथं तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. म्हणून शहरात यायला तिची एकच अट होती. माझी मोठी बहीण शांता लग्न होऊन मुकुंदवाडीत राहत होती. घर घ्यायचं तर शांतेच्या हाकेवर.

दादांनी आधी हर्सूलला प्लॉट पाहिला. स्वस्त होता, तलाव जवळ होता. मायनं तोंडाशी हात धरून हाक मारली, तर एका कुत्र्यानं उत्तर दिलं. "न्हाई जमायचं," ती म्हणाली आणि चपला घालून चालायला लागली. मुकुंदवाडीत तेव्हा सगळं मोकळं माळरान, चुना लावलेले दगड तेवढे रोवलेले. प्लॉटवाला घसा ताणून सांगत होता, "मावशी, वीस बाय तीस, ईस्ट फेसिंग, एकदम रोडटच! तुमच्या लेकीचं घर चालत पाच मिनिटं."

"कुनाच्या पायांनी?" मायनं विचारलं आणि त्याला गप्प बसवून हाक दिली, "शांतेऽऽ!"

लांबून पत्र्याच्या खोल्यांमधून आवाज आला, "काय गं मायऽऽ?"

"घ्या हा," माय दादांना म्हणाली. प्लॉटवाला बिचारा टेप हातात धरून बघतच राहिला.

किती छान दिवस होते ते! पाणी नव्हतं, लाइट जायची, पण मायची हाक होती. टँकर दिसला की ती शांतेला हाक द्यायची. मधून रेल्वे गेली तर तेवढं थांबायची आणि पुन्हा सुरू. मग शहर वाढलं. दगडांच्या जागी भिंती आल्या, भिंतींवर मजले चढले, मजल्यांच्या खिडक्यांत कूलर बसले. एका उन्हाळ्यात माय घसा फुटेस्तोवर ओरडली, पण शांतेला ऐकूच गेलं नाही. ती कळशी घेऊन पोचली तोवर टँकर निघून गेला होता.

त्या संध्याकाळी माय गाठोडं बांधायला बसली. "हाक सरली. आता मी हितं काय करू? अक्काकडं जाते." काकू, ती तुझ्याकडं यायला निघाली होती! दादांची नोकरी इथं, माझी शाळा इथं, आणि माय तिकडं आमच्यावाचून. दादांच्या तळव्यावरची तंबाखू तशीच राहिली. मी तर भोकाडच पसरलं. पण ऐकेल ती माय कसली?

सकाळी गाठोडं उंबऱ्याशी ठेवलेलं, आणि नेमका टँकर आला. सवयच ती. मायनं हाक दिली, "शांतेऽऽ, टँकर!" कूलरची घरघर तेवढी ऐकू आली. माय वाकली, गाठोड्याला हात घातला. तेवढ्यात मधल्या दुमजली घराच्या गच्चीवरून एक बाई ओल्या हातांनी डोकावली आणि पलीकडं तोंड करून ओरडली, "ओ शांताबाईऽऽ! अम्मी बुला रई! टँकर आया!"

आणि त्याच्याही पलीकडून, "आले गं मायऽऽ!"

माय वाकलेली तशीच राहिली. "बया, ही कोन?"

ती नसीमखाला. नवीनच राहायला आलेली, आमची धड ओळखही नव्हती. वरूनच म्हणाली, "रोज सुनती मैं. कल नमाज पढ रई थी, नै तो कल बी बोलती."

"गळा बघा हिचा!" माय एकदम हसली. "धनगराघरची हाय जनू!" आणि वाटेसाठी बांधलेली भाकरी-ठेचा फडक्यासकट खालाच्या घरी गेला. गाठोडं मी सोडलं. गाठ सुटेना, तर दातांनी सोडली.

पुढं आणखी घरं आली. मागच्या गल्लीत कुलकर्णीबाई आल्या. त्यांची हाक म्हणजे, "शांताताई, जरा येता का? आई आठवण काढताहेत." ती हाक त्यांच्याच स्वयंपाकघरात राहायची. मायनं त्यांना शिकवलं, "बाई, पोटातून येऊ द्या!" आता त्या ओरडल्या की अख्खी गल्ली गॅलरीत येते. आणि मायचं मापच बदललं. शांता कुठं राहते असं कुणी विचारलं, की सांगते, "तीन तोंडांवर."

परवा आम्ही फुलंब्रीला लग्नाला निघालो होतो. हर्सूलला जिथं कुत्रा बोलला होता, तिथं आता इमारतींची रांग लागलीय. पुढंही घरं, ढाबे, प्लॉटिंगच्या पाट्या. मी कुरकुरत होते की सगळं रान संपवलं या लोकांनी. माय मात्र खिडकीला नाक लावून खुशीत.

"तोंडंच तोंडं झाली गं! फुलंब्री झाली, सिल्लोड झालं, की घाट आलाच."

"मग?"

"मग काय! अक्का."

आणि तिनं काच खाली करून हाक ठोकली, "अक्काऽऽ!" रस्त्याकडंचा पेरूवाला दचकला. "व्हय मावशी, काय झालं?"

"बघ," माय मला म्हणाली. "एक तोंड झालं."

काकू, घर घाटातल्या त्या वळणावर मागंच राहिलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण हाक पुढं न्यायला कुणी आहे तोवर आपण घराबाहेर पडलेलोच नाही, हे मला त्या पेरूवाल्यापाशी कळलं. तेव्हा संध्याकाळी वारं पडलं की घाटाकडं कान ठेव. हाक येईल तेव्हा थोडी खालाची झालेली असेल, थोडी कुलकर्णीबाईंची, थोडी पेरूवाल्याची. तरी ओळख, ती मायचीच असेल. आणि जोरात "व्हय" म्हण. त्या वळणावर राहिलेलं तुझं उत्तर तिला अजून ऐकायचं आहे.