काकींच्या खिडकीबाहेर

काकींच्या मांडीवर गेलं की कुठलंही रडकं पोर गप्प व्हायचं. अख्ख्या चाळीला त्याचं केवढं कौतुक! मला मात्र त्यांचा हा गुण कधी आवडला नाही. जिचं एकुलतं एक पोर उठल्यासुटल्या समोरच्या दारात जाऊन बसतं, तिलाच माझं दुखणं कळेल.

मुलुंडला आमच्या दोघींच्या खोल्या समोरासमोर होत्या, मध्ये फक्त अरुंद पॅसेज. काकी मालवणकडच्या, मुलाला 'झील' म्हणणाऱ्या. नवरा गिरणीतून सुटल्यावर गावी शेती बघायला गेलेला, मुलगी वाकोल्याला दिलेली, म्हणून त्या एकट्याच राहायच्या. दार सताड उघडं. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय पुढे सोडायच्या नाहीत. माझा नंदू तर पाच वर्षांचा होईपर्यंत निम्मा त्यांच्याच घरी वाढला. "आई, काकींसारखी पेज कर ना," असं तो म्हणाला की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पेज ती पेज! तांदूळ आणि पाणी! त्यात काकींचं काय सोनं पडतं?

एका वर्षी उन्हाळा लागता लागता कांजिण्यांची साथ आली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. शाळेतले वर्गच्या वर्ग ओस पडले. नंदूच्या पोटावर पहिला फोड दिसला तेव्हा मला सातवा महिना होता, आणि लहानपणी कांजिण्या काही आल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्याच्याजवळ अजिबात जायचं नाही. पोटातल्या बाळाला धोका आहे." ह्यांची नोकरी फिरतीची, तेव्हा हे नेमके नागपूरकडे. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. मी दारात उभी राहून रडायला लागले तशा काकी आल्या, काही न विचारता नंदूला चादरीत गुंडाळून उचललं आणि आपल्या घरात नेलं. जाता जाता म्हणाल्या, "रडतस कित्या गो? माका ल्हानपणीच येवन गेल्यो. झील तुझोच आसा."

दारावर कडुलिंबाची डहाळी लागली. कांजिण्या असलेल्या घरात फोडणी घालत नाहीत, तळण काढत नाहीत, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. काकींनी तो नियम अख्ख्या मजल्याला लावला! कोपऱ्यातल्या शहाबेनसुद्धा मुकाट्याने बिनफोडणीची डाळ खायला लागल्या. मला डोहाळे लसणाच्या चटणीचे, आणि ताटात नुसतं वरण! मी कुरकुरले तर काकी म्हणाल्या, "झील बरो जांवदे, मगे कोंबडी-वडे घालतंय तुका." डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी औषध मात्र त्या वेळच्या वेळी लावायच्या. वरून लिंबाचा पाला फिरवायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टराचा डॉक्टराक, देवीचा देवीक."

मी पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसायची. काकींनी मला त्यांच्या खिडकीपासूनही लांब बसवलेलं. मी मोसंबीचा रस काढून पॅसेजमधल्या बाकावर ठेवायचा, मग मागे सरायचं, मग त्या येऊन न्यायच्या. आपल्याच पोराला असं खाऊपिऊ घालायचं! एका दुपारी ताप फार चढला. नंदू बरळायला लागला. मी कानात प्राण आणून ऐकत होते, आता आई म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणत होता, "काकी, काकी." पोर वाचू दे म्हणून मी देवाला हात जोडलेले होते, खोटं कशाला सांगू, पण त्याच वेळी मनातून जळून खाक होत होते. वाटलं, हा बरा होईल, पण माझा राहणार नाही.

खपल्या पडल्या. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. न्हाणाच्या दिवशी काकींनी लिंबाच्या पाल्याचं पाणी तापवून आमच्या मोरीत आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "पयलो तांब्यो आवशीन घालूचो." आई म्हणून मी तांब्या उचलला तर नंदू काकींच्या पायांना मिठी मारून किंचाळला, "तू नको! काकी घालतील!" काकींनी त्याचे हात सोडवले. चांगल्या जोरात सोडवले. घरी गेल्या, पिशवी भरली आणि दाराला कुलूप घालून वाकोल्याला लेकीकडे निघून गेल्या.

नंदूने दोन दिवस आकांत केला. मग हळूच माझ्या कुशीत शिरून म्हणाला, "आई, गोष्ट सांग ना." काकी त्यानंतरच परत आल्या. पुढे कधीतरी त्यांच्या लेकीने सांगितलं, "आई आमच्याकडे नुसती भिंतीला टेकून बसायची. धड जेवायचीसुद्धा नाही." म्हणजे माझं पोर मला परत मिळालं, तेही ह्या बाईने दिलं म्हणून! आता अशा माणसावर राग तरी कसा धरायचा? मी तरीही धरला.

मुलगी झाली, धडधाकट. तिला पाळण्यात घालायला काकीच पुढे. ती चालायला लागली त्या सुमारास गावी काकांचं अंग लुळं पडलं आणि काकींनी मुंबईची खोली सोडली. निघताना नंदूला पोटाशी धरून त्या खूप रडल्या. मी जरा बाजूलाच उभी होते, हाताची घडी घालून. टॅक्सीत बसता बसता त्यांनी मला जवळ बोलावलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गो, तुका अजून कांजण्यो येवक नाय. मोठेपणी लय हाल करतत. आल्यो तर माका कळव. तुका कोण आसा बघूक? मी येतंय."

पुढच्याच वर्षी त्या गेल्याची बातमी आली. मला कांजिण्या आजतागायत आलेल्या नाहीत. नंदूच्या कपाळावर तेव्हाचा एक वण आहे. त्याच्याकडे लक्ष गेलं की अजूनही हेवा वाटतो, पण काकींचा नव्हे, नंदूचा.