दातातली काडी

अमावस्येला नवं कापड कापू नये म्हणतात. मी मुद्दाम कापतो. असल्या गोष्टींवर माझा तिळमात्र विश्वास नाही, म्हणूनच हे लिहायला जड जातंय...

मलकापूरला माझं टेलरिंगचं दुकान आहे. जुन्या पद्धतीचे अंगरखे, बाराबंद्या मी हातानं शिवतो, मशीन लावत नाही. गेल्या महिन्यात धाकटा भाऊ संदीप लग्नासाठी सुट्टीवर आला. तो फौजेत आहे. त्याला लग्नात अंगरखाच हवा होता. छातीवरचे बंद नेमके बसावेत म्हणून अंगरखा त्याच्या अंगावर ठेवूनच मी टाके घालत होतो. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. संदीपनं हौसेनं गावी वडूजला, शेळ्या राखणाऱ्या आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईनं सुई बघितली आणि तिचा चेहराच उतरला.

"आरं, अंगावर शिवू नगं. मेलेल्या मानसाचं तसं शिवत्यात. शिवायचंच आसंल तर त्याच्या दातात काडी तरी दे."

"आई, तुझं हे शेळ्यांमागं ठीक हाय. हितं शिकलेली मानसं बसल्यात," मी म्हणालो.

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. आईनं फोन ठेवला.

संदीप एवढंच म्हणाला, "दादा, आसं बोलाय नगं हुतं."

अंगरखा उतरवल्यावर छातीच्या डाव्या बाजूला, अस्तराखाली, बोटाला काहीतरी लागलं. ते अस्तर सकाळी मीच झटकून, संदीपच्या देखत शिवून बंद केलं होतं. उसवलं... आत कडब्याची काडी. चावून चपटी झालेली — आणि ओली. दुकानात काय, आमच्या अख्ख्या गल्लीत कडबा नाही.

मी ती तळहातावर घेतली. आईला फोन लावला. तिचं बोलणं नीट कळेना.

"थांब, तोंडातलं काढती." मग म्हणाली, "त्यानं न्हाई धरली, मग कुनीतरी धराया पायजे का नगं? फौजेत जानारं पोर हाय. झालं का शिवून?"

"झालं."

"मगाशी एक धरली हुती. दातातनं कुठं गेली कळंना बग. खाली बी पडली न्हाई. मग दुसरी घेतली."

पहिली माझ्या तळहातावर होती. माफी मागायची होती, पण मी "ठेवतो" एवढंच म्हणालो.

ती काडी तिथं कशी आली, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. मी ती होती तिथंच ठेवून अस्तर पुन्हा शिवलं. लग्नात आई संदीपच्या छातीवरून हात फिरवत पाहुण्यांना सांगत होती, "माझ्या थोरल्यानं शिवलाय." मला मान वर करता आली नाही.