दिग्गीच्या अंगणात उकळलेला दगड

कॉलेजातून बाहेर पडल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती दगड उकळायची. आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोयड्याच्या रानातला लाल दगड तपासायला निघाले होते, आणि मदतनीस म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. कॅसलरॉकला आगगाडीतून उतरलो, बैलगाडीत सामान चढवलं आणि दिग्गीला एका शेतकरी बाईच्या अंगणात मुक्काम टाकला. भातशेती ती एकटीच बघायची. सारा गाव तिला अक्का म्हणायचा. आम्हीही म्हणू लागलो.

"ह्या दगडात जर्मनची भांडी हायेत व्हय?" तिनं पहिल्याच सकाळी विचारलं. ॲल्युमिनियमला तिकडं सगळे जर्मनच म्हणत.

"आहेत, पण बाहेर काढायला फार कष्ट आहेत," प्राध्यापक हसून म्हणाले.

दगड कुटून आम्ही तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, लोखंडी कढईत उकळला. वरची निवळ गाळून घेतली. खाली तांबडा गाळ उरला. तो पाटीत भरून मी वहाळाकडं निघालो, तशी अक्का वाट अडवून उभी राहिली.

"थितं म्हशी पाणी पित्यात, मास्तर. काल ह्या सोड्याच्या पाण्यानं तुमचं बोट भाजलं न्हवं?"

मी खजील झालो. प्राध्यापक चिडतील असं वाटलं, तर त्यांनी स्वतःच कुदळ उचलली. वहाळापासून लांब, उंचावर आम्ही खड्डा खणला, आतून चिकणमाती थापली आणि गाळ त्यात टाकला. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'कारखाना काढण्याआधी या गाळाचा उपयोग शोधला पाहिजे.'

निवळीतून ॲल्युमिनियमची पूड खाली बसायला तीन दिवस लागले. तेवढ्या दिवसांत अक्काला त्यांनी पुढची कृती सांगितली. पूड भट्टीत वितळलेल्या क्षारात घालायची आणि कोळशाच्या कांड्यांतून वीज सोडायची, म्हणजे तळाशी धातू जमतो. "वीज इथल्या धबधब्यांवर करता येईल. पण भट्टी ती फार खाते, आणि कांड्याही जळून जातात. कमी विजेत चालणारी भट्टी आणि न जळणारी कांडी, ही कामं अजून व्हायचीत."

अक्कानं रानात कोळसा पाडण्याची कामं केली होती. ती म्हणाली, "न जळणारी गावली तर बरंच. कोळसा पाडून पाडून माझं डोळं चुरचुरून गेलं धुरानं."

चौथ्या दिवशी कढईच्या तळाशी पांढरी पूड बसली होती. ती सुकवून भाजली, तर जेमतेम ओंजळभर भरली. अक्कानं चिमूट उचलली. "तांदळाच्या पिठावानी दिसतंय की!"

"तोंडात घालू नका!" मी ओरडलो.

"एवढी खुळी न्हाई मी," म्हणत ती मनापासून हसली. आम्हीही हसलो.

दगड चांगला निघाला, पण कारखाना काही आला नाही. मी मात्र प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत राहिलो. वर्षानुवर्षं आम्ही नव्या कांड्या घडवल्या. तापलेल्या क्षारात त्या तडकायच्या किंवा विरघळायच्या. न टिकलेल्या प्रत्येक कांडीची नोंद करून दुसऱ्या दिवशी आम्ही निराळं मिश्रण मळायला घ्यायचो. सकाळी कामाला जायला मला कधी कंटाळा आला नाही.