दादाच्या आरत्यांची कॉपी

आमच्या सर्वण गावात लोक देवचाराला, म्हणजे गावच्या अदृश्य राखणदाराला, विडी ठेवतात आणि मी त्यांची टर उडवतो. म्हणजे, उडवायचो. डिचोलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस मी... स्क्रीनवर जे दिसतं त्याला कारण असतंच, हा माझा हेका. म्हणून हे लिहायला आठ महिने लागले.

माझा थोरला भाऊ, दादा, पाळीच्या खाणीवर सुपरवायझर होता. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तो घरी घुमट वाजवून आरत्या म्हणायचा आणि सगळं लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायचा. तो गेल्यावर लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. वैनी म्हणाल्या, "भावजी, ह्या चवथीक तेंचो आवाज तरी घरात होवो."

एवढंच मागणं होतं हो त्यांचं.

रविवारची दुपार. दादाच्या खोलीत बसलो. मरायला टेकलेल्या डिस्कवरून माऊसने फोल्डर ओढले तर मध्येच अडकतात, म्हणून काळ्या विंडोत कमांड टाईप केली — सगळे फोल्डर उचल, बाहेरच्या ड्राइव्हवर टाक. ड्राइव्ह दादाचाच होता. जुन्या आरत्यांची कॉपी त्याने स्वतःच कधीतरी त्यावर करून ठेवली होती; ती अर्धवट असेल, असं मी धरून चाललो. त्याच नावाची फाईल आधीच असली की ही कमांड थांबून विचारते, 'ओव्हरराइट करू का?' आणि Y किंवा N दाबून एंटर मारेपर्यंत जागची हलत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "आदी चा घेवा, निवता ती."

घरात आम्ही दोघंच. खोलीचं दार आमच्या समोर, खिडकी आतून बंद. चहा-पोय खाऊन परत आलो तर विंडो खालपर्यंत भरलेली. प्रत्येक आरतीपुढे तोच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे — N. N. N. एकही चुकलेला नाही.

"वैनी, तुम्ही हात लावलात?"

"मी खंय गेलंय थंय? तुमच्यासमोरच बसलंय न्हय!"

मांजर म्हणावं, तर ते N दाबून दर वेळी एंटर मारेल? वैनी स्क्रीनवरच्या एकेका N वरून बोट फिरवत गेल्या. काहीही नवं दिलं की दादा आधी "नाका रे" म्हणायचा, ते त्यांनाही आठवलं असावं.

"रवांदे भावजी. तेंका नको आसतला."

मी हसलो. अक्षरशः हसलो! म्हटलं, "वैनी, असलं काही नसतं. कीबोर्ड अडकलाय." आणि कमांडच्या शेवटी /Y जोडलं. म्हणजे काहीही विचारू नकोस, सरळ वर लिही.

दहा मिनिटांत सगळं झालं. मोठ्या ऐटीत ड्राइव्हवरची पहिली आरती लावली... नुसती खरखर. दुसरी लावली, तीच खरखर. नाव बरोबर, साईज बरोबर, आत काहीच नाही. लॅपटॉपवरच्या फाईली केव्हाच सडल्या होत्या. चांगल्या होत्या त्या फक्त ड्राइव्हवरच्या, दादाने ठेवलेल्या. त्यांच्यावर मी कचरा लिहिला, तोही "विचारू नकोस" असं बजावून.

पणजी शहरात डेटा परत काढून देणाऱ्या एकाला ड्राइव्ह दाखवला. तो म्हणाला, डिलीट झालेलं परत काढता येतं, वर लिहिलेलं नाही. हे मी रोज कारखान्यात लोकांना सांगतो! आधी एक फाईल वाजवून बघायला माझं काय जात होतं? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. वैनी "तुमचो काय दोस?" एवढंच बोलल्या. चवथीला शेजाऱ्यांनी येऊन आरत्या म्हटल्या, तेव्हा त्या चुलीकडेच बसून होत्या.

ते N कोणी दाबले? खूप डोकं खाजवलं. तसा बिघाड मुद्दाम घडवून बघितला, एकदाही जमला नाही.

आता महिन्यातून एका रविवारी मी त्याच खोलीत तीच कमांड देतो. /Y न लावता. मग स्वयंपाकघरात चहा घेतो. सावकाश, दोन-दोन कप. वैनी विचारतात, "गावला काय?" काही सापडलं का ते उठून बघतो. पहिल्याच प्रश्नावर कर्सर लुकलुकत असतो, पुढे काही नाही.

वाचवण्यासारखं त्या ड्राइव्हवर आता काही उरलेलं नाही. तरी मी स्वतःच N दाबतो, एकेका आरतीपुढे, शेवटपर्यंत, आणि लॅपटॉप बंद करतो.