सोपानचा डावा अंगठा

मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? छापील कागदावर, की तो वाचून दाखवणाऱ्यावर?

परंड्यात एसटी स्टँडजवळ माझं भुसार मालाचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी साबणाच्या खोक्यांवरून आणि खताच्या पोत्यांवरून शिकलो. तेवढ्या भांडवलावर गावाचे विम्याचे कागद वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं! एका कागदाचा अर्थ लागेपर्यंत दुसरा यायचा, आणि किस्से तुरीच्या पोत्यांसारखे थप्पीला लागायचे. बाकीच्यांवर आम्ही हसलो. पण सोपानच्या कागदावर त्याच्या घराची चूल अडकली होती, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

*

सोपान कापसातली सरकी काढणाऱ्या सहकारी जिनिंगमध्ये इंजिनवर होता. सोसायटीनं कामगारांचा अपघात विमा उतरवायचं ठरवलं. एजंट म्हणजे एक निवृत्त मास्तर, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. फॉर्म भरायला दोघं माझ्या दुकानात बसले.

"वारस म्हणून कुणाचं नाव लावू?"

"सोनारीच्या भैरवनाथाचं."

"अहो, बायकोचं लावा!"

"बायको आन भाऊ भांडतेत. देवाशी कोण भांडंल?"

"पैसे घेताना देवाला सही करता येत नाही, सोपानराव!"

"मला तरी कुठं येती?"

शेवटी बायकोचं, चंद्राबाईचं नाव लागलं. गुरुजींनी सोपानचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, फॉर्मवर उमटवला आणि म्हणाले, "आता हीच तुमची सही. जपा!"

*

त्याच फॉर्मवर वयाचा रकाना होता. जन्मदाखला कुठला असणार?

"रझाकाराच्या येळंला म्या गढीच्या भिंतीवरून उडी टाकून पळालो," सोपान म्हणाला.

"भिंत केवढी होती?"

"दीड पुरुस तरी असंल."

गुरुजींनी डोळे मिटून गणित केलं. दीड पुरुषावरून उडी टाकणारं पोर म्हणजे दहा वर्षांचं तरी असणार! त्या हिशोबानं वय लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सोपानची आई तरातरा दुकानात आली. "कुठली उडी अन् कुठलं काय! कडंवर व्हतं माझ्या. म्याच त्याला लुगड्यात बांधून खाली सोडला!"

गुरुजींनी फॉर्म काढला आणि सोपानला जागच्या जागी सात वर्षांनी तरुण केला!

*

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी आयुष्याचे विमे काढले होते त्यांचे हप्ते थकायला लागले. दुकानाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या तात्यांना कंपनीचं कार्ड आलं. मी वाचून दाखवलं, "हप्ता भरायला तीस दिवस सवलत आहे."

"आन त्या सवलतीत मेलो तर?"

"हप्ता कापून घेतील, बाकीचे पैसे घरच्यांना."

"एकतिसाव्या दिवशी मेलो तर?"

"मग पॉलिसी बंद. लॅप्स!"

तात्यांनी लेकाला हाक मारली. "ऐकलं का रं? तारीख बघून औषध देत जा!"

*

हसू नका, मीही शहाणा नव्हतो. माझीही एक पॉलिसी होती, दोन हप्ते भरलेली. ज्वारी आणायला रोकड कमी पडली, तेव्हा गुरुजींना म्हटलं, "ही परत घ्या आणि माझे पैसे द्या."

"याला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात, शेट. अजून काही मिळणार नाही. तीन वर्षं व्हायला हवीत."

"गुरुजी, माझ्या दुकानातला गूळ पावसाळ्यात पाझरतो, पण सगळी ढेप पाझरलेली मी कधी बघितली न्हाय!"

गुरुजी म्हणाले, "मीसुद्धा नव्हती बघितली. माझीही बंद पडलीय."

*

दुष्काळ सरला, कापूस आला, जिनिंग पुन्हा सुरू झालं. आणि एका दुपारी सोपानचा डावा हात इंजिनच्या पट्ट्यात गेला. बार्शीला नेला. जीव वाचला, पण हात मनगटातून काढावा लागला. घरात खाणारी पाच तोंडं, आणि एका हातानं इंजिन चालू होत न्हाय.

गुरुजी आणि मी पॉलिसी उघडून बसलो. 'कायमचे पूर्ण अपंगत्व' म्हणजे दोन हात, किंवा दोन पाय, किंवा एक हात आणि एक पाय. नुसता एक हात म्हणजे 'अंशतः'. त्याला निम्मी रक्कम. माझं डोकं चालेना. इंजिनवरच्या माणसाचा हात गेला, तर त्याचं निम्मं काय उरलं?

सोपान शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे दुसरा हात गेला की पुरी रक्कम?"

"हो."

"मंग मोजायची कशानं?"

*

सोपानला त्याची निम्मी रक्कम मिळाली. कशी मिळाली, ते आता सांगतो.

चौकशीला धाराशिवहून एक साहेब आले. भला माणूस, पण नियमाचा पक्का. आम्ही सगळे माझ्या दुकानात जमलो. साहेबांनी बार्शीचे कागद बघितले, मान हलवली, नवा फॉर्म काढला आणि शाईचं पॅड उघडलं.

"डावा अंगठा."

सोपाननं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं मनगट पुढं केलं.

साहेब गडबडले. "उजवा चालणार नाही हो. पहिल्या फॉर्मवर डावा आहे. जुळवून बघितल्याशिवाय हा तोच माणूस, हे मी कसं लिहू?"

"हात गेला म्हणून तर पैसे मागतोय, साहेब!" मी म्हणालो.

"ते मला पटतंय. पण अंगठा जुळायला पाहिजे."

साहेब पुन्हा पुन्हा नियम वाचायला लागले. त्यात बिनअंगठ्याचा माणूस कुठंच नव्हता!

चंद्राबाई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली. "डावाच पायजे व्हय?"

"हो, बाई."

"बार्शीहून दिरानं फडक्यात बांधून आणला व्हता. आमच्या बांधाला बाभळीखाली पुरलाय. आणते खणून."

साहेबांनी पॅड मिटलं. पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर 'हा तोच माणूस' असं लिहायला लागले.

तिनं पदर खोचला, उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागं वळली.

"पर एक सांगते, सायब. हात परत घावला म्हणून रक्कम कापू नका. हिसाब इमानदारीनं ठिवा!"