न केलेली प्रार्थना

सुलक्षणा पाटोळे सकाळी सहाच्या आत स्कूटर काढते. मुलुंडमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. उपाशीपोटी तपासणी असली की माणसाला आधी चहा आठवतो, आणि नमुना दिल्याशिवाय चहा मिळत नाही. त्यामुळे तिची वाट पाहणारे लोक सहसा वैतागलेले असतात. त्यात म्हातारे जास्त. कातडी सैल, शीर बोटाखालून सरकणारी. सुलक्षणाचा हात हलका आहे. एका टोचणीत काम होतं, म्हणून लोक लॅबला फोन करून तिलाच पाठवायला सांगतात.

तिला बोलावण्याचं आणखी एक कारण होतं. दंडाला पट्टा बांधून, मूठ वळायला सांगून, सुई आत जायच्या वेळी ती म्हणायची, "तुमच्यासाठी प्रार्थना करते हं मी." माणूस मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. तेवढ्यात ट्यूब भरलेली असायची. कुणी हसायचं, कुणी हात जोडायचं. गुजराती, तमिळ, मराठी, सगळ्या घरांत हे चाले. फुकटच्या प्रार्थनेला कुणी नाही म्हणत नाही.

तिचं माहेर राहुरीकडचं. आजोबांपासून घर ख्रिस्ती. संध्याकाळच्या प्रार्थनेत आई एकेकाचं नाव घ्यायची, आणि त्यात शेजाऱ्याची आजारी म्हैससुद्धा असायची. ज्याला 'प्रार्थनेत आठवण करते' असं म्हटलं, त्याची आठवण करायचीच, असा त्या घरातला शिरस्ता होता. मुंबईत आल्यावर सुलक्षणानेही तो पाळला. पहाटे पाचला उठून चहाचं आधण ठेवायच्या आधी ती स्वयंपाकघरात गुडघे टेकायची आणि आदल्या दिवशी भेटलेल्यांची नावं घ्यायची.

मग लॅब वाढली. कोणत्या घरी कधी जायचं हे मोबाइलवरचं ॲप ठरवू लागलं. घरं वाढली, अंतरं वाढली. पाचची प्रार्थना स्कूटरवर आली, स्कूटरवरून रात्रीवर गेली, आणि रात्री तिला अंथरुणावर पडल्या पडल्या झोप लागायची. अमुक दिवशी बंद पडली असं तिला सांगता येत नाही. वाक्य मात्र चालू राहिलं. ते कापसाच्या बोळ्यासारखं झालं होतं. सुई काढली की बोळा, सुई घातली की वाक्य. आपण खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलं नाही, कारण म्हणताना तिच्या मनात खरंच माया असायची.

मालनकाकींनी मात्र तिला विचारलं.

मालनकाकी आणि त्यांचे यजमान गुणाजी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या कडेच्या एका पुनर्वसन इमारतीत राहतात. दोघं देवगडकडची. गुणाजी तरुणपणी गिरणीत मागावर होते. संपानंतर गिरणी गेली, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी वॉचमनकी केली. आता त्यांच्या किडन्या थकल्या आहेत. दर महिन्याला रक्त तपासायचं, क्रिएटिनिनचा आकडा बघायचा. तो वाढला की डायलिसिस लावावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. मालनकाकींनी त्या एका आकड्याचा धसका घेतला होता.

सुलक्षणा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा तिने सवयीने वाक्य म्हटलं. मालनकाकी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी त्यांची मालवणी गेलेली नाही.

"खराच करतंस काय गो? की असाच म्हणतंस?"

सुई शिरेत होती. ट्यूबकडे बघत सुलक्षणा म्हणाली, "खरंच करते काकी. रोज पहाटे पाचला."

वेळ तिने का सांगितली, हे तिला आजही नीट सांगता येत नाही. वेळ जुनी होती, खरी होती, तोंडात तयार होती.

"पाचाक?" मालनकाकी म्हणाल्या. "बरा झाला गो बाय."

त्या महिन्यात आकडा वाढला नाही. पुढच्याही महिन्यात नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आकडा जागच्या जागी. मालनकाकी सुलक्षणाला चहा घेतल्याशिवाय सोडेनाशा झाल्या. शेजारणीला दारात उभं करून त्या सांगत, "ही ती. हिच्यामुळे थांबलाहा सगळा." सुलक्षणा म्हणायची, "अहो काकी, देव करतो." शेजारीण म्हणायची, "तसं नाही हं, तुमच्यासारखी माणसं पण लागतात." सुलक्षणा हसून जिना उतरायची. हे ऐकायला बरं वाटायचं, हेही तिने नंतर कबूल केलं.

जानेवारीत ती गेली तेव्हा मालनकाकींनी तिच्यासाठी नाचणीचे लाडू करून ठेवले होते. मागच्या महिन्याचा रिपोर्ट पुन्हा चांगला आला होता. रक्त दिल्यावर गुणाजींचा डोळा लागला होता. डबा तिच्या हातात देताना मालनकाकी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुका एक सांगतंय. मी पण उठतंय पाचाक."

"कशाला काकी? झोपायचं ना थोडं."

"भिंतीक टेकान बसतंय. तू बोलतंस तेवढो वेळ."

"आणि काय म्हणता?"

"काय नाय. गप बसतंय." त्या थोड्या लाजल्या. "आधी मी माझ्या रवळनाथाक सांगी होतंय. रोज. मगे तू इलंस. मी म्हटलंय, आता सुलक्षणा बोलता आसा ना वरती, आपण मधी तोंड कित्याक घालूचा? दोघींनी एकदम बोलल्यार कोणाचाच ऐकूक येवचा नाय. म्हणान मी बोलूचा सोडलंय. नुसती बसतंय."

सुलक्षणाने डबा पिशवीत ठेवला. खाली येऊन ती स्कूटरवर बसली, पण चावी फिरवली नाही. ॲपवर पुढच्या घराची वेळ लाल झाली, मग लॅबचा फोन आला. तिने टायर पंक्चर असल्याचं सांगितलं.

म्हणजे इतके महिने त्या माणसासाठी कुणीच बोललेलं नव्हतं. आपण न केलेल्या प्रार्थनेला जागा हवी म्हणून मालनकाकींनी स्वतःची रोज केलेली प्रार्थना बाजूला सारली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाचला उठली. स्वयंपाकघरात गुडघे टेकले. गुणाजींचं नाव घेतलं आणि पुढे काही येईना. नाव घेतलं की 'रोज पहाटे पाचला' हे स्वतःचेच शब्द कानात येत. ती उठताना एक भांडं पडलं आणि त्या आवाजाने तिच्या नवऱ्याला, शांतवनला, जाग आली. तो शाळेची बस चालवतो.

"काय गं, लॅबने आता पाचलाच पाठवायचं ठरवलं?"

"नाही. झोप तू."

"मग अंधारात काय शोधतेस?"

तिने त्याला सगळं सांगितलं. शांतवनने ऐकून घेतलं. "एवढंच ना?" तो म्हणाला. "अगं, आपल्या चर्चच्या मंडळीत 'प्रार्थनेत आठवण करतो' म्हणणारे सगळे खरंच आठवण करायला लागले, तर कुणी कामावर जाणार नाही."

"तू करतोस?"

"मी म्हणतच नाही."

घाटकोपरला एका शाळेच्या सभागृहात त्यांच्या मंडळीची मराठी उपासना भरते. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि प्याला घ्यायला रांगा उठल्या, तेव्हा सुलक्षणा बसून राहिली. जवळच्या बायकांनी गुडघे आखडून तिला वाट करून दिली, मग तिच्याकडे पाहिलं. ज्याच्या मनात काही अडलेलं आहे त्याने त्या मेजाकडे जाऊ नये, हे तिथे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामुळे कोण बसून राहिलं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

"झाली बातमी," शांतवन बाहेर चपला घालताना म्हणाला. "आता आठवडाभर मला विचारतील, बायकोने काय केलं म्हणून. मी सांगेन, लॅबच्या सुया विकल्या."

ती मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, भेटली. पाळक तरुण आहेत, मृदू बोलतात. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, देव क्षमा करतो. तुम्ही आजपासून करा प्रार्थना. तेवढं पुरे आहे."

"आणि त्यांना सांगू?"

"कशाला? त्या म्हातारीला तुमचा केवढा आधार आहे. तो काढून घ्यायचा का?"

"आधार नाहीये साहेब तिथे. आहे असं त्यांना वाटतंय."

पाळक म्हणाले, "तुमचं ठरलेलंच दिसतंय. मला कशाला विचारता?"

"तुम्ही नको म्हणालात की सुटेन असं वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून आले."

फेब्रुवारीतली तपासणी आली. सुलक्षणाने आधी रक्त घेतलं. सांगून झाल्यावर हात चुकला असता तर गुणाजींना दोनदा टोचावं लागलं असतं, म्हणून आधी काम. ट्यूबवर नाव लिहिलं, बोळा दाबून धरला आणि मग सांगितलं. सगळं चार वाक्यांत संपलं. पाचला मी उठत नव्हते. तुमच्यासाठी कधीच काही मागितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, हे कळल्यापासून मला तोंड दाखवायची लाज वाटते.

मालनकाकी चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

"एकदाव नाय?"

"नाही."

"माझो घोव हंय पडलोहा," मालनकाकी म्हणाल्या, "आणि त्याच्यासाठी कोणच बोलूक नाय. तू नाय, मी नाय."

पलंगावरून गुणाजी बोलले. ते जागे असल्याचं दोघींच्या लक्षात नव्हतं. "मगे आकडो कोणी धरून ठेवलो?"

"तुम्ही गप रवा."

"नाय, इचारतंय. कोणी सांगूक नाय, कोणी मागूक नाय, तरी आकडो थंयच. म्हणजे फुकटात गावला." त्यांना हसू आलं आणि हसण्यात खोकला आला. "गिरणीत असा कधी झाला नाय. तिका चाय दी गो."

"चाय नाय मिळाची," मालनकाकी म्हणाल्या. त्यांनी गाळलेला कप नवऱ्यापुढे ठेवला. सुलक्षणाकडे न बघता त्या म्हणाल्या, "रक्त घेतलंस ना? मगे जा."

सुलक्षणा गेली. जिन्यात तिला हलकं वाटलं नाही. खरं बोलल्यावर माणूस सुटतो, असं तिने उपासनेत अनेकदा ऐकलं होतं. तिला एवढंच कळत होतं, की आता त्या घरात एक म्हातारी बाई पूर्वीपेक्षा एकटी आहे, आणि तिला तसं आपण केलं आहे. प्रभुभोजनाची भाकर घेता यावी म्हणून आपण तिची झोप घालवली की काय, हाही प्रश्न होताच. त्याचं उत्तर तिला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या पहाटे ती उठली, कारण न उठण्याची आता सोय नव्हती. गुडघे टेकणार एवढ्यात फोन वाजला.

"उठलंस?" मालनकाकींचा आवाज.

"उठले काकी."

"खराच? की अंथरुणात आसस?"

सुलक्षणाने नळ सोडला आणि फोन त्याच्याजवळ धरला. "ऐका. स्वयंपाकघरात आहे."

मालनकाकी म्हणाल्या, "आजपासून मी माझ्या देवाकडे बोलतंय. तू तुझ्याकडे बोल. मी तुझ्यावर सोडूचंय नाय आता. आणि रोज फोन करतलंय. उचलू नको, पैसे जातत. नुसतो कट कर, म्हणजे माका कळात."

"काकी, फोन उचलायला पैसे नाही पडत आता."

"तरी कट कर. तुझ्याशी बोलूचा नाय माका."

त्यानंतर रोज फोन वाजतो आणि सुलक्षणा तो कट करते. माफ केलं असं मालनकाकी म्हणालेल्या नाहीत. महिन्याच्या तपासणीला ती जाते, तेव्हा चहा मिळतो, पण कप तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला जातो. आकडा या वेळी थोडा वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, अजून थांबू. पुढच्या प्रभुभोजनाला सुलक्षणा रांगेत उभी राहिली. भाकर घेताना तिला फार समाधान वाटलं असं नाही. घ्यायला हवी, असं वाटलं.

इतर घरांत ती आता ते वाक्य म्हणत नाही. कुणी आपण होऊन विचारलं, तर नाव विचारून घेते आणि "उद्या पहाटे करीन" एवढंच सांगते. काही लोकांना हे रुक्ष वाटतं. एका बाईंनी लॅबला कळवलं, की पाटोळे मॅडम पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

पहाटे फोन कट झाला की ती आधी गुणाजींचं नाव घेते. मग मालनकाकींचं. त्यानंतर ती मागच्या वर्षांकडे वळते, जिथे ते वाक्य म्हटलं आणि पुढे काहीच केलं नाही अशा घरांकडे. त्यातली काही माणसं आता नाहीत. बरीचशी नावं तिला आठवत नाहीत. हात आठवतात. कोपराच्या आत डावीकडे वळणारी शीर. मनगटाजवळच मिळणारी, बारीक, निळी. एका आजींच्या हाताला कुठेच मिळाली नव्हती आणि शेवटी तळहाताच्या मागून घ्यावं लागलं होतं, त्या आजी. ती एकेक हात समोर आणते आणि त्या हाताच्या माणसासाठी मागते. साडेपाचला आधण ठेवावंच लागतं. तोवर जेवढे हात होतात तेवढे होतात.