साडेसहाला बदलणारी तारीख

मध्यरात्री बारा वाजता तारीख बदलते हे अख्ख्या जगाने मान्य केलं असलं, तरी आमच्या कंपनीच्या शिफ्ट इन्चार्ज काकांनी ते कधीच मान्य केलं नाही. त्यांच्या मते तारीख बदलते ती सकाळी साडेसहाला, पहिल्या शिफ्टचा भोंगा वाजल्यावर. काका मूळचे चाकणजवळच्या कुरुळीचे. घरची जमीन कारखान्यांत गेली आणि पुढची पंचवीसेक वर्षं काका त्याच पट्ट्यात तिसरी शिफ्ट करत राहिले. तिसऱ्या शिफ्टचं काम कागदावर आदल्या दिवसाच्या नावाने लिहितात. रात्री साडेअकराला आत गेलेला माणूस सकाळी बाहेर पडेपर्यंत कालच्याच तारखेत असतो. बाकीचे लोक हा नियम गेटवर सोडून घरी जात, काका तो बरोबर घेऊन गेले. त्यांची मुलगी बारा तारखेला पहाटे चारला जन्मली, दाखल्यावरही बाराच आहे; पण काकांनी दरवर्षी अकरालाच पेढे वाटले. सासूबाईंनी एकदा जाब विचारला, तेव्हा शांतपणे म्हणाले, "पोरगी तिसऱ्या शिफ्टची हाय. तारीख कालचीच."

दिवाळीनंतर कंपनीने त्यांना लॅपटॉप दिला आणि पंचाईत झाली. ऐन शिफ्टमध्ये बारा वाजले की लॅपटॉप तारीख बदलायचा आणि एकाच शिफ्टचं काम दोन दिवसांत वाटलं जायचं. दुसऱ्या कुणी आयटीकडे तक्रार केली असती. काकांनी चार दिवस खपून जगातल्या तमाम देशांच्या वेळा चाळल्या आणि अटलांटिक समुद्रातली अझोर्स नावाची बेटं शोधून काढली. तिथे मध्यरात्र होते तेव्हा चाकणला बरोबर साडेसहा वाजलेले असतात. काकांनी लॅपटॉप आणि फोन दोन्ही त्या बेटावर नेऊन ठेवले. पुढे त्यांना पहिल्या शिफ्टवर आणलं, तरी बेट काही सुटलं नाही. काका काहीच विसरत नाहीत म्हणून विभागाचं कॅलेंडरही त्यांच्याच लॅपटॉपवर होतं आणि तिथून ते आम्हा सगळ्यांच्या फोनवर उतरायचं. कुठलीही वेळ टाकताना काका मनातल्या मनात साडेसहा तास वजा करत. त्यात त्यांची चूक कधी झाली नाही, झाली ती इतरांची. काका चहाला गेले असताना सेफ्टीच्या माणसाने त्यांच्या लॅपटॉपवर सकाळी दहाचं आग विझवण्याचं प्रशिक्षण टाकलं. आमच्या फोनवर दुपारचे साडेचार उमटले आणि तो बिचारा दहा वाजता एकटाच लाल सिलिंडर घेऊन मैदानात उभा राहिला. मी तेव्हा नुकताच हिंजवडी सोडून इथे आयटी सांभाळायला आलो होतो. हे बेट एक दिवस उडवायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

संधी आली मार्चअखेरच्या सोमवारी. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही नवा ब्रॅकेट बनवत होतो. तिथली तपासणीची बाई दर सोमवारी तिच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे आमच्या दुपारी दोनला, व्हिडिओ कॉलवर यायची. त्या सोमवारी शेवटची तपासणी होती. पास झालो तर काम आमचं, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं. आणि काम गेलं तर असेंब्लीवरच्या बारा कंत्राटी बायका एक तारखेपासून बंद, हे मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या बायका काकांनी कुरुळीतून एकेकीच्या दारात जाऊन आणल्या होत्या. सकाळपासून कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. अशात काका माझ्या टेबलाशी आले. आज सहाला गेटवर आलो तर फोनवरची तारीख आधीच बदललेली होती, म्हणाले, तासभर लवकर. तेवढ्यात मालकांचा फोन आला: आमच्या मोबाइलवर कॉल दोनऐवजी एकला का दाखवतोय?

मला मनातून आनंद झाला, हे आता कबूल करायला हरकत नाही. पाच मिनिटांत दुखणं सापडलं. त्या बेटांवर उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात, ते आदल्याच दिवशी केलेलं होतं. काकांनी वेळ टाकली होती बेटाच्या साडेसातची, त्यामुळे आमच्याकडे ती एक तास अलीकडे सरकली. मी लॅपटॉप भारताच्या वेळेवर आणला, कॉल पुन्हा दोनला लावला, सगळ्यांचे फोन तपासले आणि मालकांना कळवलं. काका मागे उभे राहून पाहत होते. मग हळूच म्हणाले, "बेटावर घड्याळ पुढं केलं, तर जर्मनीत पण केलं आसंल का, राव?"

मी म्हणालो, काका, तुम्ही शिफ्ट बघा, घड्याळाचं मी बघतो. हे वाक्य मला अजून बोचतं. काका लॅपटॉप घेऊन निघून गेले.

सव्वा वाजता मी कँटीनमध्ये मटकीची उसळ खात होतो. असेंब्लीवरची एक बाई धावत आली आणि म्हणाली, गोरी बाई आलीय, चला. हातातला घास तसाच टाकून मी पळालो. मधलं अंतर दोनशे पावलांचं असेल, पण तेवढ्यात मला त्या बाराही बायका घरी बसलेल्या दिसल्या. जर्मनीतही घड्याळं आदल्याच दिवशी पुढे केली होती. तिचे साडेनऊ आमच्या एकला वाजले होते.

तपासणीच्या खोलीत काका लॅपटॉपसमोर उभे होते. टेबलावर ब्रॅकेट पुसून ओळीने मांडलेले, मागे बाकीच्या अकरा जणी भिंतीला लागून उभ्या. काकांना इंग्रजी येत नाही, त्या बाईला मराठी. काका एकेक ब्रॅकेट कॅमेऱ्यासमोर धरत, माप तपासायचा पहिला गेज भोकात घालून दाखवत आणि "गेला" म्हणत. जो आत जाता कामा नये तो दुसरा गेज टेकवून "न्हाई गेला" म्हणत. बाई मान डोलवून टिपून घेत होती. मी पोचलो तेव्हा शेवटचे तीन राहिले होते. काकांच्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला होता, पण गेज धरलेला हात जराही हलत नव्हता. तिसरा झाल्यावर बाईने अंगठा दाखवला. मागची एक जण मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. काका म्हणाले, "कळलं कुठं? तासभर आधी बसलं तर आपलं काय जातंय? उशिरा बसलं आसतं, तर ह्यांचं गेलं आसतं."

मी माफी मागितली, पण ती नीट जमली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना केप व्हर्दे नावाची दुसरी बेटं शोधून दिली. तिथेही मध्यरात्र आपल्या साडेसहालाच होते आणि घड्याळं कुणी हलवत नाही. काका दिवसभर खुशीत होते.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मला त्यांची फार आठवण येते. मागच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी सांगवीहून मुद्दाम कुरुळीला गेलो. बायका कामावर आहेत ना, हे त्यांनी आधी विचारलं. आहेत म्हटल्यावर चहा सांगितला. मग फोन माझ्यापुढे ठेवला. आता शिफ्ट नाही, तर बेट कशाला हवं, म्हणाले. आपल्या वेळेवर आणून दे. मी आढेवेढे घेतले, तरी ते ऐकेनात. मी वेळ बदलली आणि साडेतीनचे एकदम दहा झाले.

काका त्या आकड्यांकडे बघत राहिले. "साडेसहा तास एका झटक्यात गेले की," म्हणाले. मग त्यांनी फोन पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"पोरीचा वाढदिवस तेवढा बघ. अकरालाच हाय ना? तो बदलू नको."